परक्यासाठी मागणं : आपल्या दिंडीच्या निरोपाच्या वहीचा इतिहास



दिंडीला शंभर वर्षं पूर्ण होतात म्हणून स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा मंडळींनी विषय वाटून घेतले. कुणाकडे वीणेकऱ्यांची परंपरा आली, कुणाकडे मुक्कामांचा इतिहास, कुणाकडे अन्नदात्यांची यादी. आमच्याकडे निरोपाची वही आली.

ही वही काय आहे, हे दिंडीतल्या जुन्या माणसांना सांगायला नको. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ज्यांना वारीला येणं जमत नाही, ते आपलं नाव आणि मागणं या वहीत लिहून देतात. कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाच्या घरी बाळंतपण असतं, कुणाची पेरणी खोळंबलेली असते. वही वीणेकऱ्याच्या पिशवीतून पायी पंढरीला जाते. एकादशीला चंद्रभागेचं स्नान झालं, नगरप्रदक्षिणा झाली, की कळसाकडे तोंड करून वाळवंटात वही उघडतात आणि एकेक नाव पांडुरंगाच्या कानावर घालतात. बस, एवढंच. त्याला ना दक्षिणा, ना पावती.

या वहीत आपल्या माळकऱ्यांची नावं आहेत, तशी मुलाण्याच्या घरची आहेत, गुजर व्यापाऱ्याची आहेत, दवाखान्यातल्या ख्रिस्ती बाईंची आहेत. आणि यंदाच्या बैठकीत प्रश्न निघाला तो यावरूनच. एकशे एकाव्या वर्षापासून नवी वही सुरू करायची आहे. काही मंडळींचं म्हणणं पडलं की नव्या वहीत फक्त विठोबाला मानणाऱ्यांचीच नावं असावीत. ज्याचा आपल्या देवावर विश्वास नाही, त्याच्यासाठी आपण मागायचं कशाला? त्याला ते आवडेल तरी का? दुसऱ्यांनी म्हटलं, मागणं आपलं आहे, त्यात त्याची परवानगी कशाला हवी? दोन्हीकडची माणसं चांगली आहेत, दोघांनीही पायाला फोड आणून वारी केलेली आहे. म्हणून नुसतं मत देण्यापेक्षा, आपल्या संप्रदायात आणि आपल्या दिंडीत आजवर काय रीत होती, ती जुळेल तेवढी जुळवून इथे मांडतो.

नवस वेगळा, मागणं वेगळं

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वारकऱ्याची रीत नवसाची नाही. नवसात देवघेव असते. तू हे कर, मग मी ते वाहीन. वारकरी वारीला जातो तो भेटीला जातो, लेक माहेरी जाते तसा. माहेरी गेलेली लेक आईजवळ आपलं गाऱ्हाणं सांगते, तसंच शेजारणीचंही सांगते. शेजारीण आईला ओळखत नसली तरी सांगते. निरोपाच्या वहीचं मूळ हे असं साधं आहे.

नवसात ज्याचा देव त्यानेच बोलावं लागतं. मागणं मात्र दुसऱ्यासाठी करता येतं. किंबहुना आपल्या संप्रदायाचं सगळ्यांत मोठं मागणं दुसऱ्यांसाठीच आहे.

माउलींनी काय मागितलं

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली आणि शेवटी माउलींनी पसायदान मागितलं. आपण ते रोज म्हणतो, कीर्तनाच्या शेवटी म्हणतो, पोरं शाळेत म्हणतात. रोज म्हटल्यामुळे कधी कधी त्यातल्या अर्थाकडे लक्ष जात नाही.

ज्यांनी मागितलं त्यांची अवस्था आठवा. संन्याशाची पोरं म्हणून गावाने वाळीत टाकलेली ही भावंडं. शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभं राहावं लागलेली. अशा माणसाला मागायची संधी मिळाली तर तो आपल्यासाठी न्याय मागेल, छळणाऱ्यांना शिक्षा मागेल. माउलींनी दुष्टांसाठी मागितलं. त्यांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातलं वाकडेपण जावं एवढं मागितलं. मग सगळ्या जिवांची एकमेकांशी मैत्री मागितली.

पुढच्या दोन गोष्टी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, हे दान ज्याच्याकडे मागितलं त्याला माउलींनी तिथे विठोबा म्हटलेलं नाही. साऱ्या विश्वाचा जो आत्मा, त्याच्याकडे हात पसरले आहेत. त्यामुळे ज्याच्या घरी वेगळं नाव चालतं, त्यालाही या मागण्याखाली उभं राहता येतं. दुसरी गोष्ट अशी की, ज्याला जे हवं ते त्याला मिळो, असं ते मागणं आहे. माउलींना जे त्याच्यासाठी योग्य वाटतं ते मिळो, असं नाही. आणि जगाला सूर्य दिसो तो ज्याच्या त्याच्या स्वधर्माचा. सगळे आमच्यासारखे होवोत, असं त्यात कुठेही नाही.

परक्यासाठी मागायचं कसं, याचा धडा सातशे वर्षांपूर्वी इतका स्वच्छ घालून दिलेला आहे.

देहू, वाघोली आणि अनगडशाहबाबा

आपली दिंडी तुकोबांच्या पालखीबरोबर चालते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचं प्रस्थान होतं, पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात असतो, आणि दुसऱ्या दिवशी पालखी आकुर्डीकडे निघते. निघाल्यावर ती पहिली कुठे थांबते? अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी. तिथे अभंग होतो, आरती होते, आणि मग पालखी पुढे सरकते. नव्या वारकऱ्यांना याचं नवल वाटतं. आम्हाला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं की संतांची पालखी दर्ग्यापाशी का थांबते.

त्याची कथा महिपतींनी आपल्या संतचरित्रांत सांगून ठेवली आहे. वाघोलीचे रामेश्वर भट्ट हे तुकोबांचे मोठे विरोधक. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, त्यामागे हेच होते. पुढे त्यांनी अनगडशाह फकिराच्या ठिकाणच्या पाण्यात स्नान केलं, फकिराचा शाप बसला आणि अंगाचा दाह सुरू झाला. काही केल्या थांबेना. ते आळंदीला येऊन पडले. तुकोबांना कळलं तेव्हा त्यांनी आपल्या वह्या बुडवणाऱ्या माणसासाठी अभंग लिहून पाठवला आणि दाह शांत झाला. हेच रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे शिष्य झाले. तुकोबांची जी आरती आज गावोगाव म्हटली जाते, ती त्यांचीच.

मग आपला शाप कुणी उतरवला ते पाहायला अनगडशाह देहूला आले. त्यांचा कटोरा कशानेच भरत नसे. तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पीठ घातलं आणि कटोरा भरला, अशी कथा आहे. तेव्हापासून दोघांचा स्नेह जडला. फकीर फकीर राहिला आणि तुकोबा विठोबाचे राहिले. कुणी कुणाची माळ घातली नाही की कुणी कुणाचा कलमा पढला नाही. तरी पालखी आजही पहिली तिथे थांबते.

या कथेत आम्हाला दोन गोष्टी दिसतात. तुकोबांनी ज्याच्यासाठी मागितलं तो वैरी होता, आणि मागताना त्याने आधी माफी मागावी, अशी अट घातली नाही. दुसरं म्हणजे, ज्याचा धर्म वेगळा होता त्याच्याशी स्नेह झाला तो चिमूटभर पिठाने.

आणखीही उदाहरणं आहेत. पैठणला एकनाथ महाराज गोदेवर स्नान करून येत, तेव्हा एक यवन त्यांच्या अंगावर थुंके आणि नाथ पुन्हा स्नानाला जात. एका दिवसात एकशे आठ वेळा हे झालं, शेवटी तोच शरमला, आणि नाथांच्या तोंडून वाकडा शब्द आला नाही, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघं कडाडून भांडतात, एकमेकांच्या रीतींवर बोट ठेवतात, आणि शेवटी समजुतीला येतात. म्हणजे मतभेद झाकून ठेवावा, असं नाथांनी सांगितलेलं नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिणारे; आपला संप्रदाय त्यांना संतांच्या मालिकेत बसवतो. आपल्या वाटेवर पिराची कुरोली नावाचं गाव आहे. तिथे मुक्काम पडला की पुढे वाखरी, मग पंढरी. गावाच्या नावातच पीर आहे आणि त्या नावाने आजवर कुणाची वारी अडली नाही.

उपरण्याच्या गाठी

आता आपल्या दिंडीकडे येऊ. आपल्या मूळ वीणेकरी महाराजांना अक्षरओळख नव्हती. अभंग सगळे तोंडपाठ, पण लिहिणं येत नव्हतं. निघताना लोक निरोप सांगत आणि ते प्रत्येक निरोपाला उपरण्याच्या काठाला एक गाठ मारत. वाळवंटात बसून एकेक गाठ सोडत आणि नाव घेत. वही आली ती त्यांच्या नंतरच्या वीणेकऱ्यांच्या काळात. लाल कापडी बांधणीची, दुकानदारांची असते तशी चोपडी. तीतली पहिली पानं मोडीत आहेत.

गाठींच्या काळातला एक प्रसंग जुनी माणसं सांगत आली आहेत. गावच्या मुलाण्याच्या घरी नातवाला देवी आल्या होत्या. दिंडी वेशीबाहेर पडत असताना त्या घरची आजी आली आणि म्हणाली, “बाबा, माझ्या देवाला मी सांगतेच हाय. तुमच्या देवालाबी एवढं सांगा.” महाराजांनी गाठ मारली. पुढच्या मुक्कामावर कुरबुर झाली. मुलाण्याच्या घरी बकरं कापलं जातं, आपण माळकरी, त्याचा निरोप वीणेबरोबर न्यायचा? महाराजांनी एवढंच विचारलं, की पोराला ताप आलाय तो काय बकऱ्याचं मटण खाऊन आलाय का? आणि ज्याला पटत नसेल त्याने वाळवंटात दुसरीकडे बसावं, गाठ मी सोडणार. कुणी दुसरीकडे बसलं नाही.

पोरगं वाचलं की नाही? वाचलं, असं सांगतात. पण सांगणारी माणसं हेही सांगत आली आहेत की ते आपल्या मागण्याने वाचलं, असं महाराज कधी म्हणाले नाहीत आणि कुणाला म्हणू दिलं नाही. आजीने तिच्या देवाला सांगितलंच होतं ना!

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, कारण ती सोयीची नाही. आपल्या दिंडीच्या मागे त्या काळात महारवाड्यातली माणसंही चालत. पंढरीपर्यंत चालत, पण पुढे देवळात त्यांना जाता येत नसे. महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथपर्यंत यायचं आणि थांबायचं. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून तिथे समाधी बांधली. सहाशे वर्षं उलटून गेली तरी चोखोबांच्या लेकरांना पायरीच्या आत प्रवेश नव्हता. त्यांचे निरोप इतर वारकरी आत घेऊन जात. आपल्या उपरण्याच्या सगळ्यांत जुन्या गाठी त्या आहेत. एकाला ते दार बंद होतं, दुसऱ्याला ते दार आपलं वाटत नव्हतं. दोघांचाही निरोप एकाच उपरण्यात बांधून गेला.

साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. दहा दिवसांनी ते सुटलं, आणि आपल्या या भावांना विठोबाचं दार मोकळं झालं. त्या गाठी मग मारायची गरज उरली नाही. ज्याचा निरोप त्याने स्वतः जाऊन सांगावा, हेच खरं.

अकरा वर्षांनी, १९५८ मध्ये, सर्वोदय संमेलनाच्या निमित्ताने विनोबा पंढरपूरला आले. त्यांचा नेम होता की ज्या देवळात बरोबरच्या सगळ्यांना प्रवेश नाही, तिथे आपणही जायचं नाही. १९५३ मध्ये बिहारात वैद्यनाथधामला हरिजनांना बरोबर घेऊन गेले म्हणून त्यांना मार बसला होता. पंढरपुरात मात्र मुसलमान आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांसह ते विठोबापुढे उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. वेगळ्या देवाला मानणारी माणसं पांडुरंगापुढे उभी राहिली, त्याने पांडुरंगाचं काही कमी झालं नाही.

आपल्यासाठी कुणी मागितलं तर

इथपर्यंत आपण दुसऱ्यासाठी मागण्याचं पाहिलं. आता उलट बाजू. आपल्यासाठी वेगळ्या धर्माच्या माणसाने मागितलं, तर आपल्याला कसं वाटतं? हे ज्याने अनुभवलं त्यालाच दुसऱ्याच्या मनाची कल्पना येते.

आपले तिसरे वीणेकरी महाराज एकदा एका मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी होते. ऑपरेशनच्या आधी तिथल्या सिस्टरबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, “बाबा, आम्ही इथे प्रार्थना करतो. आमच्या प्रभूच्या नावाने करतो. तुमच्यासाठी केली तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा, ऑपरेशन तसंच होईल.” महाराज म्हणाले, “करा माउली. मी माझं मनात म्हणतो.” बाईंनी डोळे मिटले, महाराजांनीही मिटले. बरे होऊन आल्यावर ते हरिपाठानंतर हे नेहमी सांगत. सांगताना भर असायचा तो एकाच गोष्टीवर, की बाईंनी आधी विचारलं. शिवाय ‘नको’ म्हटलं तरी सेवेत फरक पडणार नाही, हेही सांगून टाकलं. नाहीतर टेबलावर झोपलेला माणूस नाही कसा म्हणेल?

त्या बाई बदलून गेल्या, तोपर्यंत दरवर्षी त्यांचं नाव वहीत होतं. त्यांना विचारून घातलेलं. लिहायला काय सांगितलं? “दवाखान्यात कुणी मरू नये.” ते मागणं दरवर्षी वाळवंटात वाचलं जाई.

ख्रिस्ती मराठी माणसाचं आणि तुकोबांचं नातं तसं जुनंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तरी आपण येशूपर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत. ख्रिस्ताची भक्तीही त्यांनी अभंगांतून गायली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागोमाग धर्म बदलला नाही. पाच वर्षांनी, स्वतःला पटलं तेव्हा बदलला. मधली वर्षं त्या घरात दोन धर्म होते. त्या वर्षांत त्यांची किती ओढाताण झाली ती ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळते. जिथे एवढी ओढाताण असते, तिथे ‘तुझ्यासाठी आमच्या देवाकडे मागतो’ हे वाक्य जपूनच बोलावं लागतं. ज्याला बोलतो त्याला ते मायेचं वाटेल, तसं ओढण्याचंही वाटू शकतं.

मास्तरांचा नकार

हे आपल्या दिंडीला नीट शिकवलं ते गावातल्या एका मास्तरांनी. ते देव मानत नव्हते. गावचं वाचनालय त्यांनी उभं केलेलं, आपल्या दिंडीतल्या निम्म्या तरुणांना अक्षर त्यांनीच शिकवलेलं. गाथेतले अभंग आपल्या कीर्तनकारांपेक्षा त्यांना जास्त पाठ होते. पण ते म्हणायचे, मी तुकाराम मानतो, विठोबा मानत नाही. ते मोठ्या दुखण्याने आजारी पडले. वारी जवळ आली होती. मंडळी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, मास्तर, तुमचं नाव वहीत घालतो.

मास्तर म्हणाले, “नका घालू. जे मी जन्मभर मानलं नाही, ते आता माझ्या नावावर करू नका. माझ्यासाठी काही करावंसं वाटत असेल, तर रात्री सोबतीला या. घरची दमली आहेत.”

काही जणांना हे लागलं. आपण मायेने गेलो आणि त्यांनी झिडकारलं, असं वाटलं. वीणेकरी महाराजांनी बैठक घेतली. एकाने विचारलं, वहीत नाही घालत, पण मी मनातल्या मनात म्हटलं तर? महाराज म्हणाले, “तुझं मन तुझं आणि पांडुरंगाचं. तिथे कोण पहारा करणार? पण उद्या मास्तर बरे झाले तर त्यांच्यापुढे जाऊन बोलायचं नाही, की बघा, आम्ही म्हटलं म्हणून झालात. आणि नाही झाले तर लोकांत बोलायचं नाही, की नाव घालू दिलं नाही म्हणून गेले. हे दोन्ही जमणार असेल तर म्हण.”

वारीला जाणाऱ्यांनी वारी केली. मागे राहिलेल्यांनी पाळ्या लावून मास्तरांच्या उशाशी रात्री काढल्या. वारीहून परतल्यावर इतरांनी त्या पाळ्या पुढे चालवल्या. मास्तर गेले. त्या वर्षीच्या पानावर त्यांचं नाव नाही, आणि ते नाही हेच बरोबर आहे. त्यांच्या घरच्या मंडळींचा दिंडीशी असलेला जिव्हाळा आजही तसाच आहे. मास्तरांच्या नातवाने या स्मरणिकेची मुद्रणप्रत तपासून दिली, हे आवर्जून नमूद करतो.

वहीचे नेम

मास्तरांच्या त्या प्रसंगानंतर वहीच्या मलपृष्ठाच्या आत काही नेम लिहिले गेले. भाषा जुन्या वळणाची आहे. अर्थ असा :

१. विचारल्याशिवाय कुणाचं नाव घालायचं नाही. बेशुद्ध असेल, लहान मूल असेल, तर घरच्यांना विचारायचं.

२. नको म्हटलं तर पुन्हा विचारायचं नाही, आणि का म्हणून खोदायचं नाही.

३. मागणं ज्याचं त्याच्या शब्दांत लिहायचं. आपल्याला त्याच्यासाठी काय बरं वाटतं, ते त्यात घुसडायचं नाही. त्याने माळ घालावी, असं मागायचं नाही.

४. नाव मोठ्याने वाचायचं की मनात, हे त्यालाच विचारायचं. आजार, कर्ज, घरातलं भांडण हे मोठ्याने वाचायचं नाही.

५. निरोपाबद्दल काही घ्यायचं नाही; कौतुकही नाही.

६. निरोप नेला म्हणून हाताने करायचं काम सुटत नाही. आधी पाणी, औषध, सोबत; मग वही.

सहावा नेम आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आपल्या दिंडीतली तरुण मंडळी ढिगारे उपसायला गेली होती. कार्तिकी वारीला त्या मृतांसाठी वाळवंटात उभं राहायचं ठरलं. त्यांची नावं ठाऊक नव्हती, धर्म ठाऊक नव्हता, विचारायला माणूस उरला नव्हता. वही मिटून ठेवली आणि सगळ्यांनी पसायदान म्हटलं. जिथे विचारता येत नाही तिथे हेच करावं, असं तेव्हापासून ठरलं. माउलींनी ज्यात कुणालाही बाहेर ठेवलेलं नाही, त्यात आपण वेगळं काय घालणार?

२०२० मध्ये पायी वारी झाली नाही. ३० जूनला पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. दिंडीच्या इतिहासात पहिल्यांदाच वही गावातच राहिली. घरोघरी हरिपाठ झाला आणि नावं फोनवर विचारून घेतली. त्या दिवसांत कुणी कुणाचा देव विचारला नाही. ऑक्सिजन कुठे मिळतो, हे विचारलं.

२०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानीला पुढचेही दिवस चालतात. म्हणून राज्यात ठिकठिकाणी मुसलमान बांधवांनी एकादशीच्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. आपल्या गावातही तसंच झालं. कुणी मागणी केली नव्हती, त्यांनी आपण होऊन ठरवलं. त्या वर्षी आम्ही वही घेऊन विचारायला गेलो तेव्हा मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी सगळ्यांच्या वतीने एकच ओळ लिहून दिली : पाऊस पडू दे. वाळवंटात ती ओळ वाचली तेव्हा ती कुणाची, हे वेगळं सांगावं लागलं नाही. सगळ्यांची तीच होती.

नव्या वहीविषयी

बैठकीत दोन प्रश्न निघाले होते. जो आपला देव मानत नाही त्याच्यासाठी का मागायचं? आणि मागायचं तर त्याला का विचारायचं?

पहिल्याचं उत्तर आम्हाला माउलींच्या मागण्यात, देहूच्या दर्ग्यापाशी थांबणाऱ्या पालखीत आणि उपरण्याच्या गाठींत मिळालं. आपल्या मागण्याला आजवर कुंपण नव्हतं. शंभर वर्षांनी ते घालायचं असेल तर घालणाऱ्यांनी आधी त्या जुन्या चोपडीची पानं उलटून पाहावीत, आणि त्यातली कोणती नावं खोडायची ते सांगावं. आम्ही सगळी पानं पाहिली आहेत. आम्हाला एकही खोडता येणार नाही.

दुसऱ्याचं उत्तर सिस्टरबाईंनी आणि मास्तरांनी दिलं. वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो, एकमेकांच्या पाया पडतो. लहान-मोठा, जात-पात न बघता पडतो. समोरच्याच्या पाया पडायचं आणि त्याच्याबद्दल देवाशी बोलताना मात्र त्याला विचारायचंही नाही, हे जुळत नाही. विचारण्यात आपल्या भक्तीला कमीपणा नाही. ‘नको’ ऐकून घ्यायची तयारी असेल तरच विचारण्याला अर्थ आहे.

म्हणून आमची विनंती अशी : नवी वही मोकळी असावी, आणि तिच्या आतल्या बाजूला हे सहा नेम जसेच्या तसे उतरवावेत, आताच्या मराठीत, सगळ्यांना वाचता येतील अशा मोठ्या अक्षरात. निर्णय बैठकीचा. आम्ही फक्त इतिहास सांगितला.

या आषाढीला नव्या वहीचं पहिलं पान उघडेल. ज्यांना निरोप द्यायचा असेल त्यांनी प्रस्थानाच्या आधी दिंडीच्या मठात यावं. माळ असो वा नसो. येणं जमत नसेल तर सांगावा धाडा, आम्ही घरी येऊ. आणि ज्यांना निरोप द्यायचाच नाही, त्यांच्याही घरी चहाला येऊ.

सर्वांचं भलं होवो. रामकृष्णहरी.